पंप गेला म्हणण्याआधी

ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेला लोडर भरलेली बकेट उचलत नाही, उचललीच तर कण्हत कण्हत उचलतो, असं आमच्या भागात कुणी सांगितलं की ऐकणारा लगेच म्हणतो, "पंप गेला असणार." सांगणाराही मान डोलावतो, कारण त्याच्याही मनात तेच असतं. मग तेल ढकलणारा तो पंप उतरवला जातो, नवा आणला जातो, आणि कितीतरी वेळा खर्च होऊनही लोडर होता तसाच राहतो. पुढे जॅक, म्हणजे तेलाच्या दाबानं ज्यांचा दांडा बाहेर येतो ती नळकांडी, लेथवर जातात, सील किट बदललं जातं, तेल बदललं जातं. शेवटी कशानं तरी दुखणं थांबतं, पण ते नेमकं कशानं थांबलं हे कुणालाच सांगता येत नाही. या शेवटच्या गोष्टीची मला फार खंत वाटते. पैसे तर गेलेच, वर यंत्र आपल्याशी काय बोलत होतं तेही कळलं नाही.

आमचा भाग द्राक्षांचा. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा संपता संपता फळछाटणी, आणि त्याआधी बागेला शेणखत. जत-आटपाडीकडून लेंडीखताच्या गाड्या येतात, गावातले उकिरडे उपसले जातात. पूर्वी ट्रॉली भरायला घमेली घेऊन माणसांची ओळ लागायची. आता माणसं मिळत नाहीत, आणि मिळाली तरी उन्हात कुजक्या खताच्या वाफेत उभं राहून पाट्या उचलायला त्यांना लावावं असं मलाही वाटत नाही. म्हणून ट्रॅक्टरला पुढून लोडर बसवून घेतला. छाटणीच्या तोंडावर तो बंद पडला की सगळं वेळापत्रक कोलमडतं. खत वेळेवर चारीत पडलं नाही तर छाटणी पुढे जाते, छाटणी पुढे गेली तर माल कधी येणार याचं गणित हलतं. लोडर कशानं दमला हा प्रश्न म्हणूनच आमच्याकडे चेष्टेचा नाही.

या यंत्राबद्दलची पहिली गोष्ट मला उशिराच समजली, पण ती समजल्यावर बाकीचं आपोआप सुटत गेलं. पंप दाब तयार करत नाही. पंप फक्त तेल ढकलतो. एका फेऱ्यात ठरावीक तेल, बस्स. त्या तेलाला पुढे अडथळा आला की दाब तयार होतो. बकेट रिकामी असताना पाइपमधला दाब अगदी थोडा असतो. बकेटमध्ये ओलं खत भरलं की तोच पंप, तोच वेग, पण दाब चढत जातो. म्हणजे उचलण्याची ताकद आणि उचलण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताकद दाबातून येते, वेग तेलाच्या प्रवाहातून. आपण मात्र दोन्हींना मिळून "लोडरचा दम गेला" म्हणतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

आकडे घालून पाहिलं की हे जास्त स्पष्ट होतं. आर्म म्हणजे बकेट धरणारा लांब हात; आमच्या आर्मच्या जॅकचा आतला व्यास ६३ मिलिमीटर आहे. त्याचं क्षेत्रफळ झालं साधारण ३१ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब धरला तर एक जॅक साडेचार हजार किलोहून जास्त जोर लावतो, आणि जॅक दोन आहेत. हा सगळा जोर बकेटपर्यंत पोचत नाही, कारण जॅक आर्मला मागे, आर्म ज्या पिनेवर फिरतो तिच्या जवळ जोडलेला असतो आणि बकेट पार पुढे असते. तरफेचा हिशेब तिथे उलटा बसतो. तरीही शेणखताच्या बकेटीला पुरून उरेल एवढं राहतं. आता वेग. पंप एका फेऱ्याला २० सीसी तेल देतो, इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ठेवलं तर मिनिटाला ३० लिटर. जॅकचा दांडा ६० सेंटिमीटर बाहेर येतो, म्हणजे दोन्ही जॅक मिळून पावणेचार लिटर तेल लागतं. म्हणजे आर्म खालून वर जायला साडेसात सेकंदांच्या आसपास. हे गणित करायला इयत्ता नववी पुरते. पण ते हातात असलं की मोबाईलमधलं घड्याळ लावून कुणालाही सांगता येतं की तेल पूर्ण पोचतंय की वाटेत कुठेतरी हरवतंय.

एका बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलनं सतराव्या शतकात सांगून ठेवलं होतं. त्याचं त्यावरचं लेखन १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापलं गेलं. त्या तत्त्वावर चालणारं दाबयंत्र, म्हणजे हायड्रॉलिक प्रेस, इंग्लंडात जोसेफ ब्रामानं पेटंट केलं ते १७९५ साली. मधली सव्वाशेहून जास्त वर्षं का गेली असतील? तत्त्व समजून भागत नाही. सरकत्या दांड्याच्या कडेनं द्रव निसटू नये, ही खरी अडचण असते. ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्लेनं त्यावर चामड्याच्या वाटीच्या आकाराचा वायसर काढला, असं श्रेय त्याला दिलं जातं. या वाटीची गंमत अशी की दाब वाढला की तिच्या कडा आपोआप फाकतात आणि भिंतीला जास्त घट्ट चिकटतात. जितका जोर, तितकी पकड. आजच्या जॅकमधल्या रबरी सीलची ओठासारखी कड याच कल्पनेवर चालते. आणि ज्यांनी दुष्काळी भागात हातपंप दुरुस्त होताना पाहिलाय त्यांना हा चामडी वायसर नवा नाही. जालना आणि सोलापूरच्या कामातून जे हातपंप घडले, त्यातल्या सोलापूरच्या पंपावरून पुढे इंडिया मार्क टू आला. त्याच्या सिलिंडरमध्ये अशाच चामड्याच्या वाट्या असायच्या. वाटी झिजली की दांडा हलायचा आणि पाणी यायचं नाही. गावातल्या बायकांना दांड्याच्या हलकेपणावरून कळायचं की वायसर गेला.

ट्रॅक्टरला हायड्रॉलिक आलं ते मात्र मागच्या बाजूनं. हॅरी फर्ग्युसनची तीन सांध्यांची लिफ्ट १९३६ साली फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर बाजारात आली. तिच्यात अवजाराचा भार मागच्या चाकांवर यायचा आणि चाकांची पकड वाढायची. लोडर याच्या बरोबर उलट वागतो. तो सगळा भार पुढच्या ॲक्सलवर टाकतो आणि मागची चाकं हलकी करतो. म्हणून लोडरवाल्या ट्रॅक्टरच्या मागे वजन हवंच. पुष्कळदा "उचलत नाही" ही तक्रार तपासायला गेलं की दिसतं, लोडर उचलायला तयार आहे, ट्रॅक्टरच मागून सुटतोय आणि ड्रायव्हर घाबरून लिव्हर सोडतोय. त्यात हायड्रॉलिकचा काही दोष नाही.

आमच्या लोडरचं दुखणं खरड छाटणीच्या आधी सुरू झालं. सकाळी ठणठणीत. ऊन चढलं, दोन-तीन ट्रॉल्या भरून झाल्या की आर्म संथ. दुपारी तर बकेट ढिगात घुसवून लिव्हर ओढला की ती वर यायच्या आत ट्रॉलीवाला बिडी पेटवून मोकळा. धाकट्या भावानं पंपाचा भावही काढून ठेवला होता. मी म्हटलं, आधी अण्णांना बोलावू.

अण्णा पूर्वी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते, आता घरीच असतात. त्यांनी आल्या आल्या पान्याला हात लावला नाही. ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि भावाला विचारलं, "सकाळी कसं उचलतंय?"

"सकाळी झक्कास उचलतंय अण्णा. गरम झालं की बसतंय."

"आणि रेस वाढवली की?"

"आवाज वाढतोय. उचलायचा वेग हाय तेवढाच."

अण्णा एवढंच म्हणाले, "मग पंपाचे पैसे अजून खिशातच असू देत."

या दोन प्रश्नांत किती काही आहे, ते मला नंतर उलगडत गेलं. तेल गरम झाल्यावर पातळ होतं. बाजारात ज्याला ६८ नंबरचं तेल म्हणतात, त्याचा हा नंबर ४० अंश सेल्सियसला मोजलेला दाटपणा असतो. १०० अंशांवर तेच तेल आठ-नऊपर्यंत उतरतं. पंपाचे गिअर झिजलेले असतील तर दाट तेल कसंबसं धरून ठेवलं जातं, पातळ झालं की ते फटीतून मागे पळतं. म्हणून "गरम झालं की बसतंय" या वाक्यावर पंपाचा संशय घेणं अगदीच चूक नाही. पण झिजलेल्या पंपाची रेस वाढवली तर वेग थोडा तरी वाढतो, कारण गळती साधारण तेवढीच राहते आणि ढकललं जाणारं तेल वाढतं. रेस वाढवूनही वेग जागचा हलत नाही आणि नुसता आवाज वाढतो, याचा अर्थ पंप जास्त द्यायला तयार आहे, त्याला जास्त मिळत नाही.

तरी अण्णांनी अंदाजावर काम सोडलं नाही. इंजिन बंद, बकेट जमिनीवर, लिव्हर दोन्हीकडे हलवून पाइपमधला दाब सोडला, आणि पंपाच्या पुढच्या लाइनला टी टाकून दाब मोजायचं गेज बसवलं. हे गेज म्हणजे फार महागाची वस्तू नाही, एका चांगल्या सील किटच्या आसपास येतं. गावात चार लोडर असतील तर चौघांत मिळून एक घ्यावं, असं मी आता भेटेल त्याला सांगतो. सकाळी थंड असताना आर्म शेवटपर्यंत वर नेऊन लिव्हर क्षणभर धरला. सुई दीडशेवर गेली, म्हणजे जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह ज्या दाबाला उघडायला हवा तिथेच. दुपारी तापल्यावर पुन्हा तेच केलं. सुई दीडशेच्या जवळच, पण आता ती थरथरत होती. मग वेळ मोजली. सकाळी आर्म आठ सेकंदांत वर, दुपारी त्याच्या दुपटीहून जास्त.

म्हणजे ताकद शाबूत होती आणि वेग गेला होता. झिजलेला पंप गरमीत दाब धरू शकला नसता. रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग थकली असती किंवा त्याच्या बैठकीत कचरा अडकला असता, तर सुई सकाळीही खालीच राहिली असती. एका गेजनं दोन संशयित मोकळे झाले.

रिलीफ व्हॉल्व्हबद्दल इथंच बोलून टाकतो, कारण हा विषय मला शांतपणे सोडवत नाही. लोडर दमला की त्या व्हॉल्व्हचा स्क्रू दोन आटे आवळायची पद्धत पडली आहे. गेज न लावता. कधी कधी त्यानं खरंच फरक पडतो, आणि म्हणून ही सवय पसरते. पण तो व्हॉल्व्ह म्हणजे साऱ्या यंत्रणेचा फ्यूज आहे. त्याच्यापुढे दाब किती गेलाय हे न बघता तो आवळला की पाइप फुटतो, पंपाची बॉडी तडकते, आर्म वाकतो, नाहीतर माणूस भाजतो. आणि फुटलेल्या पाइपपेक्षाही सुईच्या अग्राएवढं छिद्र पडलेला पाइप भयंकर. त्यातून निघणारी तेलाची बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून फक्त टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आत तेल बोटभर पसरलेलं असतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात जाऊ शकतो. गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. आणि असं काही झालंच तर सर्जन असलेल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन "दाबाचं तेल आत गेलंय" हे शब्द स्पष्ट सांगायचे, नुसतं "टोचलं" म्हणायचं नाही.

आता शोध उरला होता तो टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेचा. आमच्या लोडरला वेगळी टाकी आहे, ती बाजूच्या फ्रेमवर. पंप पुढे, इंजिनाच्या पुलीला जोडलेला. मधला पाइप रेडिएटरखालून वळून जातो. पंपाबद्दल दुसरी गैरसमजूत इथे आडवी येते. आपण म्हणतो पंप तेल ओढतो. खरं तर पंप आपल्या तोंडाशी फक्त जागा रिकामी करतो, आणि टाकीतलं तेल तिकडे ढकलायचं काम बाहेरची हवा करते. हवेचा दाब किती, तर दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास. एका बाजूला दीडशे, दुसऱ्या बाजूला एक. दीडशेच्या बाजूला आपण तारांच्या जाळीचे पाइप वापरतो, निपल तपासतो, गळणारा थेंब लगेच पुसतो. एकाच्या बाजूला काय लावलंय ते कुणी वाकूनही बघत नाही. आणि यंत्रणा बहुतेक वेळा तिथेच उपाशी मरते.

अण्णांनी क्रमानं पाहिलं. तेलाची पातळी, सगळे जॅक आत घेऊन. जॅक बाहेर असताना तेल मोजलं तर ते कमीच दिसणार. पातळी बरोबर होती. तेलाचा रंग पाहिला. दुधाळ असतं तर पाणी, फेसाळ असतं तर कुठूनतरी हवा शिरतेय. थोडा फेस होता. मग टाकीचं झाकण सैल केलं आणि भावाला उचलायला सांगितलं. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं असेल तर टाकीत पोकळी होते आणि झाकण सैल केल्याबरोबर लोडर सुधारतो. फरक पडला नाही. टाकीतली जाळी काढली. खालच्या कडेला काळा गाळ आणि रबराचे दोन-तीन बारीक तुकडे होते, पण ती बुजलेली नव्हती. डिझेलनं धुऊन परत बसवली. ते रबराचे तुकडे मात्र अण्णांनी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिले.

मग ते ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाशी बसले, मोबाईलची बॅटरी लावून रेडिएटरखाली उजेड टाकला आणि म्हणाले, "आता रेस दे, हळूहळू." मीही शेजारी वाकलो. इंजिन मंद असताना पाइप गोल, गुळगुळीत, नवा वाटेल असा. रेस वाढली तसा वळणावरचा भाग चपटा व्हायला लागला. आधी नुसती सावली पडल्यासारखी रेघ, मग दोन्ही बाजू जवळ आल्या, आणि रेस पूर्ण झाली तेव्हा तिथे बोट आत जाईल एवढी खोबण पडली होती. त्याच क्षणी पंपातून खडी भरल्यासारखा आवाज सुरू झाला. रेस कमी केली, पाइप पुन्हा गोल. बंद ट्रॅक्टरवर हा पाइप जन्मभर तपासला असता तरी त्याचा दोष दिसला नसता.

तो पाइप पाण्याचा होता. लोडर बसवतानाच कुणीतरी साधा रबरी पाइप कापून लावला होता. त्यात आतून तारेचं वेटोळं नव्हतं. सकाळी रबर कडक असायचं तेव्हा तो तग धरायचा. तेल आणि इंजिनाची उष्णता लागली की मऊ पडायचा आणि बाहेरची हवा त्याला दाबून टाकायची. तेलाला न टिकणारं ते रबर आतून फुगून सुटायला लागलं होतं, जाळीतले तुकडे त्याचेच. खडीचा आवाज हा तेलात पोकळीचे बुडबुडे होऊन ते दाबाच्या बाजूला फुटण्याचा. एकेक बुडबुडा गिअरच्या आणि बॉडीच्या धातूला टोचे पाडतो. म्हणजे अजून एक हंगाम असाच गेला असता तर पंप खरोखरच गेला असता. मग सगळे म्हणाले असते, बघा, पंपच होता. नवा पंपही त्याच पाइपवर बसला असता.

तारेचं वेटोळं असलेला, तेलाचा सक्शन पाइप मिरजेहून आणला, पूर्वीपेक्षा थोडा जाड आणि लांबीला हात-दीड हात कमी, कारण अण्णांनी त्याची वाट रेडिएटरखालचं वळण टाळून काढली. क्लिपा दुहेरी घातल्या. जुनंच तेल गाळून न घालता नवं भरलं. लिव्हरनं चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये सरकता दांडा असतो, स्पूल; त्याच्याभोवती फट असते ती काही मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे डोळ्यांना दिसतच नाही असा कण तिथे अडकून बसतो. खळ्यातल्या फुफाट्यात टाकीचं झाकण उघडं ठेवून तेल ओतणं, कालच्या डब्यातलं गाळून वापरणं, हे सगळं त्या दिवसापासून आमच्याकडे बंद झालं. दुपारी, भर उन्हात, आर्म पुन्हा आठ सेकंदांत वर गेला.

एक गोष्ट अजून शिल्लक आहे. लोडर वर करून इंजिन बंद केलं की आर्म तासाभरात वीतभर खाली येतो. यावर सगळ्यांचं मत, जॅकचं सील गेलंय. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण सांगतो. लिव्हर मध्यभागी असताना जॅकची दोन्ही तोंडं बंद असतात. सील गळत असलं तरी खालच्या कप्प्यातलं तेल वरच्या कप्प्यात जाणार. पण वरच्या कप्प्यात दांडा जागा अडवून बसलेला असतो, त्यामुळे खालून जेवढं तेल निघेल तेवढं वर मावत नाही. उरलेल्या तेलाला बाहेर जायला वाट मिळाल्याशिवाय दांडा आत सरकूच शकत नाही, आणि जॅक बाहेरून तर कोरडा आहे. म्हणजे वाट व्हॉल्व्हमधून आहे, स्पूल झिजलाय. बकेटचा जॅक आम्ही तपासलाही. आर्म जमिनीवर टेकवून, बकेट एका टोकापर्यंत नेऊन, इंजिन बंद करून दाब सोडला, तेल परत येणाऱ्या बाजूचा पाइप काढून त्याचं तोंड बंद केलं, आणि त्याच दिशेला पुन्हा थोडा दाब दिला. जॅकच्या उघड्या तोंडातून धार लागली असती तर सील गेलेलं. दोन थेंब आले आणि थांबलं. आर्मच्या जॅकची हीच परीक्षा आर्मला खालून लोखंडी आधार लावल्याशिवाय आम्ही करणार नाही.

स्पूल आणि बॉडी जोडीनंच घासून बसवलेली असतात, नुसता स्पूल बदलून भागत नाही, व्हॉल्व्हचा तो पूर्ण भाग, सेक्शन, घ्यावा लागेल. तो खर्च फळछाटणी उरकल्यावर. तोवर नियम एकच: काम थांबलं की बकेट जमिनीवर, आणि उचललेल्या आर्मखाली कुणी म्हणजे कुणी जायचं नाही, ग्रीस मारायलासुद्धा. भावानं त्यासाठी दोन इंची अँगलचा आधार वेल्डिंग करून आर्मलाच पिनेत अडकवून ठेवलाय. आता तो आधार जॅकच्या दांड्यावर चढवल्याशिवाय भाऊ स्वतःही खाली वाकत नाही.